चौथा खांदा

पॅरिस, १२ मे १९८६

चि. मल्हास,

फरूजाचे अनेक आशीर्वाद. आईच्या कपाळाचा माझ्या वाटचा एक मुका घे. खोकल्याचे औषध या पत्राबरोबरच निघाले आहे. चमचाभर सकाळी, चमचाभर झोपताना. कडू आहे म्हणून ती शेळीला पाजेल, तेव्हा तू समोर उभी राहून पाज.

आता बातमी. माझ्या पुस्तकाला इथले मोठे बक्षीस मिळाले. समारंभात एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले की आमची भाषा आम्हालाही तुमच्याइतकी स्वच्छ लिहिता येत नाही. मी हसून मान तुकवली. त्यांना काय सांगू? ही भाषा मी काही प्रेमापोटी शिकले नाही. रस्त्यावरची पोरे कुत्र्याला मारायला खिशात दगड भरून ठेवतात, तसे मी शब्द भरून ठेवत गेले.

पुस्तक तुला वेगळे पाठवते आहे. तुझे फ्रेंच शाळेपुरते असले तरी जमेल तसे वाच. त्यात सगळे आहे. अंजिरांची बंदी चालू असताना, गावसभेने दिवस ठरवून देण्याआधीच बाबांनी टोपलीभर अंजिरे उतरवली, असा आळ मोठ्या काकाने घेतला, तो आहे. टोपली त्याची, अंजिरेही त्यानेच काढलेली आणि ठेवली मात्र आपल्या ओट्यावर, हे आहे. न केलेल्या गुन्ह्याचा दंड बाबांनी भरला नाही म्हणून सभेने आपले घर वाळीत टाकले, ते आहे. आणि बाबांचा जनाजा आहे. त्या दिवशी एकही पुरुष दाराबाहेर आला नाही. मागच्या एका दांड्याला मी, दुसऱ्याला अकरा वर्षांची तू. पुढचे दोन्ही दांडे आईकडे, एक खांद्यावर आणि दुसरा कमरेच्या पट्ट्याने बांधून गळ्यात अडकवलेला. तिची मान तेव्हा डावीकडे कलली ती कललीच.

काकाचे बेलाईद हे नाव मी बदललेले नाही. प्रकाशक म्हणाले बदला, मी म्हटले प्रकाशक बदलेन. शेवटच्या प्रकरणात तो मरतो आणि त्याला खांदा द्यायला कोणी येत नाही. जनाजा ओट्यावर पडून राहतो, तिथे पुस्तक संपते. एक प्रत मी त्याच्याच नावे रजिस्टर टपालाने पाठवली आहे. अठरा वर्षे या एका टपालासाठी थांबले होते. त्याचे तोंड कसे झाले ते मला सविस्तर कळव.

लोभ आहेच, राग उतू देऊ नकोस.

तुझी ताई,
फरूजा

---

अगुनी, ८ जून १९८६

ती. ताईस,

मल्हाचा सा. न. वि. वि. औषध आई घेते. शेळी वाचली.

काकाचं तोंड कसं झालं विचारतेस, तर सांगते. फुललं. पोळीसारखं टम्म फुललं.

आपल्याशी गावात कोणी बोलत नाही हे तुला ठाऊक आहे, त्यामुळे हे सगळं मला शेजारच्या ताऊसनं कुंपणावरून सांगितलं. सगळ्या गावाचा डोळा चुकवून इतकी वर्षं ती आपल्याला चुलीतले निखारे देते, तसंच हेही दिलं. काकानं शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण ओळखपत्रावर बघून बघून त्याला स्वतःचं नाव तेवढं ओळखता येतं. ते त्याला तुझ्या पुस्तकात पानोपानी सापडलं. मग काय विचारतेस. पुस्तक काखेत मारून झऱ्यापासून मशिदीपर्यंत हिंडला. माझ्या भावाच्या, अक्लीच्या पोरीनं पॅरिसात आपल्यावर ग्रंथ लिहिला, फ्रेंचांनी त्याला बक्षीस दिलं, असं दिसेल त्याला सांगत सुटला.

शुक्रवारी सभा भरली. मेझियान मास्तरला मध्ये बसवलं आणि वाचून आपल्या बोलीत सांग म्हणाला. मास्तर राहतो काकाच्या घरात, भाड्यानं. पहिलं पान मनात वाचलं आणि म्हणे त्याला घाम फुटला. मग घसा खाकरून म्हणाला की यात लिहिलंय, बेलाईद म्हणजे या गावचा जुना ओक, वादळात सगळे त्याच्या आडोशाला जातात. असं दोन तास चाललं. शेवटी काय होतं ते सांग, असा काकानं हट्ट धरला. मास्तरनं सांगितलं, शेवटी तुम्ही खूप म्हातारे होऊन जाता आणि सात गावचे लोक खांदा द्यायला भांडतात. काका सगळ्यांदेखत रडला. दुसऱ्या दिवशी तुझ्या पुस्तकाच्या आनंदात बैल कापला आणि घरटी वाटा दिला. आपलं घर सोडून.

तू जगाला ऐकू जाईल अशा भाषेत ओरडलीस ताई, आणि जगानं ऐकलं. ज्याच्या कानाशी ओरडायचं होतं तो तेवढा राहिला. आईला सांगितलं तर ती म्हणाली की शिव्या द्यायच्या तर समोरच्याच्या भाषेत द्याव्यात, नाहीतर तो आशीर्वाद समजून खिशात घालतो.

आता चेष्टा पुरे. डॉक्टर म्हणाला आईची छाती पोखरली आहे, हिवाळा पार पडेल असं नाही. मरणाची भीती तिला नाही. दिवसातून चार वेळा एकच विचारते, मला कोण नेणार? मी, ताऊस आणि कोण? काकाला काय शिक्षा द्यायची ते तू नंतर ठरव. आधी याचं उत्तर दे.

आमची काळजी असू दे, तुझी आम्ही करतोच.

तुझी,
मल्हा

---

पॅरिस, २० जून १९८६

चि. मल्हास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले आणि तिसऱ्यांदा वाचताना कपबशी फोडली. माझ्या पुस्तकावर बैल! इथे वर्तमानपत्रे लिहितात की या बाईची वाक्ये सुरीसारखी आहेत. त्या सुरीने त्याने बैल कापला आणि मिटक्या मारत खाल्ला.

मेझियानला मी पत्र लिहिले आहे. मास्तर, तुम्ही पोरांना खोटे न बोलण्याचा धडा कोणत्या वारी शिकवता, एवढे एकच वाक्य. उत्तर येणार नाही.

आईला सांग, तिला नेतील. कोण नेईल ते आज मला माहीत नाही. पण त्या गावाने मान खाली घालून तिच्या दारात यावे, हे मला माझ्या सगळ्या बक्षिसांपेक्षा जास्त हवे आहे. दंड भरून टाक म्हणून मी तुला सांगणार नाही. तो बाबांनी भरला नाही, आई भरणार नाही, आणि भरला तर आपण चोर ठरू. दुसरी वाट शोधते आहे. सापडत नाही, त्याचाच संताप आहे.

तुम्हा दोघींना सोडून मला कोण आहे, हे लक्षात ठेवून तब्येती सांभाळा.

तुझी ताई,
फरूजा

---

अगुनी, ९ ऑगस्ट १९८६

चिरंजीव पुतणी फरूजा हिस,

काका बेलाईद सांगतो आणि मेझियान मास्तर लिहितो. अनेक आशीर्वाद विशेष. इकडील सर्व क्षेम असून तुझी कीर्ती ऐकून छाती भरून आली. आपल्या घराण्यात असे रत्न निपजले, त्यात माझ्या पुण्याईचा वाटा आहे असे गाव म्हणते. मी म्हणत नाही.

तुझे पुस्तक उशाशी ठेवून झोपतो. माझ्याबद्दल तू इतके चांगले लिहिशील असे खरे सांगतो वाटले नव्हते. तुझा बाप हट्टी होता, पण झाले गेले. सभेचा कायदा गावच्या वेशीपर्यंत. वेशीपलीकडे तू माझी पुतणी आणि मी तुझा काका.

सोबत आपल्या गावचा, तिकडे पॅरिसात कामाला असलेला अम्रान, त्याच्या हाती ताजी अंजिरे धाडली आहेत. बंदी उठायला अजून दहाएक दिवस आहेत. पण अम्रानची रजा संपली, तो उद्या विमानाने निघतो, आणि सुकी अंजिरे तर कोणीही पाठवतो. सभेचा प्रमुख मी, बंदी घालणारा मीच, तेव्हा मला कोण विचारणार? झाड तुझ्या बापाचेच, हल्ली माझ्याकडे आहे, यंदा चांगला भार आहे. पहाटे स्वतः वर चढून काढली, या वयात. मास्तर हे लिहिताना दोनदा थांबला. मी म्हटले लिही, पोरीला कळू दे काकाने तिच्यासाठी काय केले.

पुढचे पुस्तक लिहिशील तेव्हाही म्हाताऱ्याला विसरू नये, ही विनंती.

तुझा काका,
बेलाईद

---

पॅरिस, १९ ऑगस्ट १९८६

चि. मल्हास अनेक आशीर्वाद.

बस, आणि आईलाही शेजारी बसव. हे तिला वाचून दाखवायचे पत्र आहे.

काकाने मला अंजिरे पाठवली. ताजी, देठाला चीक असलेली, बाबांच्या झाडाची. बंदी चालू असताना. अम्रानने दारात खोके ठेवले तेव्हा तो माझ्या नजरेला नजर देईना. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसे म्हणणार, असे पुटपुटला आणि पळाला. मी खोके उघडले आणि जमिनीवर बसून हसले. मग रडले. मग पुन्हा हसले. बाबांना ज्याच्यासाठी वाळीत टाकून मारले ते त्याने स्वतःच्या हाताने खोक्यात भरून, वर कागद घालून, मला नजर केले. मास्तरच्या थापांनी तो हरभऱ्याच्या झाडावर चढला होता. तिथून उतरून थेट अंजिराच्या झाडावर.

गावची माणसे इथे रविवारी एका कॅफेत जमतात, तुला माहीत आहे. इथेही त्यांची सभा आहे. मेलेल्याला गावी पोचवायची वर्गणी तिथे गोळा होते, झऱ्याचा नळही याच लोकांच्या पगारातून आला, त्यामुळे यांचा शब्द गावात चालतो. तिथे बाई कधी पाऊल ठेवत नाही. मी ठेवले. डोमिनो खेळणारे हात थांबले. मी खोके टेबलावर ठेवून उघडले आणि आपल्या बोलीत विचारले की गावात बंदी उठली का.

वर्षानुवर्षे घरचे ताजे अंजीर न चाखलेली ती माणसे. वासाने त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेले दिसत होते, आणि एकानेही हात पुढे केला नाही. बंदीचे फळ खाणारा चोराचा भागीदार, हे दुधाबरोबर प्यालेली माणसे आहेत ती. इथल्या सभेचा प्रमुख म्हातारा शाबान तर तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसला. मी सगळ्यांना एकेक फळ देऊ केले. देताना प्रत्येकाला सांगितले की घ्या, माझ्या बापाचे आहे. कोणी घेतले नाही. अम्रान कोपऱ्यात होता. शाबानने त्याला उठवून विचारले आणि त्याने काढल्यापासून विमानात चढवेपर्यंत सगळे सांगितले.

शाबान परवा गावी येतो आहे, इथल्या सभेचा ठराव घेऊन आणि अम्रानला मानगुटीला धरून. इथे इतक्या सभागृहांत वाचन केले, मल्हा. त्या कॅफेइतके शांत कोणीच ऐकले नाही.

आईने थोडे थांबावे, असे तिला माझ्यातर्फे बजाव.

तुझी ताई,
फरूजा

---

अगुनी, १४ सप्टेंबर १९८६

ती. ताईस,

मल्हाचा सा. न. वि. वि. आई थांबली आहे. दम लागतो, पण डोळ्यांत तेज आलंय. तुझं पत्र तिनं मला रोज वाचायला लावलं, कॅफेचा भाग दोनदा.

शाबान आला. सभा भरली, आणि अम्राननं सगळ्यांसमोर सांगितलं. काका आधी गुरगुरला, मग म्हणाला की खोकंभर फळांचं एवढं काय, स्वतःच्या पुतणीला तर पाठवली. त्यावर शाबाननं शांतपणे विचारलं की बेलाईद, खोकंभराचं काही नाही तर मग टोपलीभराचं काय होतं? आणि ती टोपली कोणाची होती? ताऊसचा नवरा सांगतो, काकानं तोंड उघडलं, मिटलं, आणि मिटलेलंच ठेवलं. सभेनं त्याचं मिटलं तोंड हीच कबुली धरली.

त्याला पदावरून काढला आणि दंड केला. त्यानं तो तिथल्या तिथं भरला आणि घरी जाऊन जेवला. बाबांचं झाड परत आपलं झालं.

दुसऱ्या दिवशी चौघे म्हातारे आपल्या दारात आले. शाबाननं सलाम केला. अठरा वर्षांनी या उंबऱ्यावर सलाम आला, ताई. मी येडीसारखी हातातला झाडू खाली ठेवत होते आणि उचलत होते. ते आईला म्हणाले की गावाकडून चूक झाली, आजपासून तू आमची, आणि वेळ येईल तेव्हा अख्खं गाव तुला खांदा देईल. मागायचं असेल ते माग.

आई उठून बसली. म्हणाली, गावानं मला हात लावायचा नाही. ज्या दिवशी हवे होतात त्या दिवशी दारं लावून बसलात, आता गरज नाही. माझ्या नवऱ्याला तीन जणींनी नेलं, चौथ्या दांड्याला माणूस नव्हतं. त्या दांड्याला बेलाईद येईल. वेशीपासून नव्हे, या ओट्यापासून. आणि कबरीपर्यंत त्याचा खांदा कोणी बदलायचा नाही.

मग शाबाननं शब्द दिला.

तुझी,
मल्हा

---

पॅरिस, २८ सप्टेंबर १९८६

चि. मल्हास अनेक आशीर्वाद.

दंड भरला आणि जेवला! मला वाटले होते त्याला वाळीत टाकतील, त्याच्या चुलीला निखारा मिळणार नाही, तो झऱ्यावर गेला की बायका घागरी उचलून निघून जातील. बाबांचे जे झाले ते सगळे मला त्याच्यासाठी हवे होते. आईने शिक्षा मागितली की मान दिला? खांदा देणे म्हणजे पुण्य. ते त्या माणसाला कशाला? तिला विचार. तिच्या शब्दापुढे मी जाणार नाही, पण माझा जीव जळतो.

वीस डिसेंबरचे तिकीट काढले आहे. त्याआधी जर्मनीत वाचने ठरलेली आहेत, ती टळत नाहीत. तोवर तिला जप.

तुझी ताई,
फरूजा

---

अगुनी, ९ डिसेंबर १९८६

ती. ताईस,

मल्हाचा सा. न. वि. वि. दोन आठवड्यांपूर्वी केलेली तार तुला जर्मनीहून परतल्यावर मिळाली असेल. आई सुखानं गेली. आदल्या संध्याकाळी अंजीर मागितलं, बाबांच्या झाडाचं सुकं. अर्धं खाल्लं. तुझ्यासाठी थांबता आलं नाही, आपल्यात माती दुसऱ्या दिवसावर ठेवत नाहीत. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

तू विचारलं होतंस, शिक्षा की मान. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, फरूजाला सांग, ज्यानं कधी जड उचललं नाही त्यालाच खांदा हा मान वाटतो.

बर्फ पडत होतं. गाव आपोआप जमलं, वाटेच्या दोन्ही बाजूंनी, हात बांधून. पुढच्या एका दांड्याला ताऊस, आईच्या जागी. मागे मी माझ्या जागी. तुझ्या जागी मेझियान मास्तर आला. मी नको म्हणणार होते, पण म्हटलं तुझं पुस्तक त्याला नीट वाचता आलं नाही, तुझा दांडा तरी नीट धरू दे. आणि चौथ्याला काका. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. आला, ताई. नवा बुरनुस, तो टोपीचा लोकरी झगा, घालून आला होता, सणासारखा.

तुला ती वाट माहीत आहे. चार पावलं झाली की नवा माणूस खांदा द्यायला पुढं येतो, ही आपली रीत. कोणी आलं नाही. दोन्हीकडून नुसते डोळे. धुण्याच्या दगडाजवळच्या वळणावर त्याचा पाय घसरला आणि गुडघा फुटला. त्याचा नातू धावला, तर शाबाननं त्याला हाताला धरून मागं ओढलं. काका उठला. दांडा पुन्हा घेतला. वर पोचेपर्यंत त्याची मान डावीकडे कलली होती. मी बघितलं, आणि मला बरं वाटलं. माझ्या आईच्या मातीच्या दिवशी मला बरं वाटलं, हे तुला सोडून कोणाला सांगणार नाही.

आता पुढचं ऐक. कबरस्तानात मेझियाननं त्याला खरं सांगून टाकलं, की पुस्तकात ओक नाही आणि सात गावंही नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी काका आपल्या उंबऱ्यावर येऊन बसला. म्हणाला, काय लिहिलंय ते तू वाच, आपल्या बोलीत, आणि मास्तरसारखं गोड करू नकोस. मी वाचलं. रोज येतो, रोज एक प्रकरण. मी त्याला आत बोलावत नाही, तो येत नाही. मान तशीच आहे त्याची. प्रकरण संपलं की पुढचं उद्या, एवढंच म्हणतो. एकदाच मध्ये बोलला. तू लिहिलंयस की ओट्यावर ठेवलेली टोपली जुनी होती. म्हणाला, जुनी नव्हती, नवी होती, बाजारातून त्यासाठीच आणली होती. मी पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलंय. पुढच्या आवृत्तीत सुधारून घे.

काल शेवटचं प्रकरण वाचलं. एक शब्द बदलला नाही. तो मरतो, जनाजा ओट्यावर राहतो, कोणी येत नाही. मी पुस्तक मिटलं तरी तो बसूनच होता. मग त्यानं विचारलं की हे छापलेलं बदलता येतं का, आणि येत असेल तर फरूजा बदलेल का. मी म्हटलं, ते तिचं ती जाणे, मी लिहून विचारते.

म्हणून विचारते आहे. तो रोज दुपारी टपालाच्या वेळेला येऊन बसतो. उत्तर काय द्यायचं ते तू ठरव, ताई. मला विचारशील तर घाई करू नकोस.

लोभ आहे, तो आता दोघींतच वाटून घेऊ.

तुझी,
मल्हा